अनोळखी पाण्यातला मासा

आम्ही भोंगवलीच्या बचत गटाच्या बाया. मागं आम्ही शेळ्यांवर बोललो, पापड-कुरडईवर बोललो. आज मासळीवर बोलणार आहोत. रस्सा कसा करायचा ते तुम्हाला आमच्यापेक्षा बरं येतं, ते राहू द्या. पाणी आपल्या ओळखीचं नसेल तर त्यात मासा कुठं असेल हे कसं हुडकायचं, त्यावर बोलू.

काही जणी म्हणतील, हे बायांचं काम आहे का? मग सांगा, नसरापूरच्या बाजारात, भोरला, हायवेच्या फाट्यावर पाटी घेऊन बसलेली कोण असते? जाळं फाटलं तर दिव्याखाली बसून सांधतं कोण? ओढ्याला हातानं दगडाखालचे खेकडे आणि झिंगे काढणाऱ्या आमच्या कातकरी बहिणी तर पिढ्यान् पिढ्या पाण्यातच आहेत. कागदावर मात्र 'मच्छीमार' म्हटलं की बाप्याचंच नाव लागतं.

आता हा विषय का निघाला ते सांगतो. आमच्या गटातल्या तिघींनी जाळ्यांसाठी कर्ज घेतलं. दोघी कातकरी वस्तीवरच्या, एक भोई समाजाची. नीरा नदी आणि खाली वीर धरणाचा फुगवटा त्यांच्या पायाखालचा. कुठल्या डोहात वाम असते, कुठल्या खडकाच्या कडेला मरळ बसते, हे त्या डोळे मिटून सांगतील. पण उन्हाळ्यात वीरचं पाणी दोन्ही कालव्यांनी बारामती-फलटणकडं जातं, आणि फुगवटा बघता बघता आटतो. त्यात मासेमारीचा ठेका बदलला आणि नेहमीच्या जागी जाळं टाकायला मज्जाव झाला. कुणी केला ते इथं काढत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला असतोच. तिघींचा हप्ता थांबला तर पुढच्या दोघींचं कर्ज अडतं, कारण गटाचा पैसा फिरता असतो. तेव्हा मीटिंगमध्ये ठरलं, की दुसरं पाणी बघू.

दुसरं पाणी म्हणजे वर, उत्तरेला. आपल्या अंगाला भाटघर आहे, वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, गुंजवणी आहे, पलीकडं पानशेत आणि वरसगाव. त्याच्याही पुढं जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. गटातल्या एकीची नणंद आंबेगाव तालुक्यात दिली आहे, डिंभ्याच्या पाण्यापासून जवळ. तिच्या ओळखीनं आम्ही सात जणी उन्हाळ्यात चार दिवस तिकडं राहून आलो. घोड नदीवरचं हे धरण. वर भीमाशंकरचे डोंगर. पाणी एवढं लांबरुंद, की आमच्या तिघी काठावर उभ्या राहिल्या आणि एक जण म्हणाली, "हिथं सुरुवात कुठनं करायची?"

तिथल्या माणसांनाही एकेकाळी हाच प्रश्न पडला होता. डिंभ्याच्या पाण्यात जुनं आंबेगाव गेलं, आदिवासींची भातखाचरं गेली. डोंगरात शेती करणारी माणसं, ओढ्यातली मासळी त्यांना ठाऊक, पण पुरुषभर उंचीच्या कितीतरी पट खोल पाण्यात जाळं लावायची सवय कुणाला होती? 'शाश्वत' या संस्थेच्या सोबतीनं ती होडी, जाळी शिकली, आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. ज्याची जमीन बुडाली त्याला त्याच पाण्यातून चार पैसे मिळाले. आमच्या मते धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचाच.

म्हणून पहिली गोष्ट ही, की परक्या पाण्यात जाळं टाकण्याआधी विचारायचं. धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडं किंवा ठेकेदाराकडं असतो. मत्स्य विभागाच्या कार्यालयात किंवा काठच्या गावात चौकशी केली की कुणाकडं आहे ते कळतं. आम्ही डिंभ्याला पाहुण्या होतो. जे निघालं ते त्यांच्या काट्यावर वजन करून त्यांच्याच खात्यावर गेलं, आम्ही फक्त कालवणापुरतं घेतलं. असं आधी बोलून ठेवलं की मग समोरचा माणूसही हातचं राखून सांगत नाही.

आता विचारायचं कुणाला? चहाच्या टपरीवर विचारलंत तर 'तिकडं बक्कळ मासा आहे' असं हात करून सांगतील. तो हात कुठल्याही दिशेला असतो. मासे विकणाऱ्या बाईकडं जा. तिच्या पाटीतच सगळा नकाशा असतो. आपण मासा घेताना गलफडं उचलून बघतो, लाल आहे का, ताजा आहे का. तसंच त्याचं तोंडही बघायचं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, तो तळाशी गाळातलं टिपतो. पाटीत मोठे कटले असतील तर जवळपास मोकळं, खोल पाणी आहे. मरळ असेल तर गवताळ, उथळ, गाळाचा काठ आहे. बारीक झिंगे असतील तर दगड आणि शेवाळ. चिलापीच चिलापी असेल तर काय, ती कुठंही होते, तिच्यावरून काही कळत नाही. पण कटला नि रोहू खाली आणि चिलापी वर रचून ठेवली असेल तर समजा, बाईला आज चिलापी आधी खपवायची आहे!

मग काठावर न जाता उंचावर जायचं. हे आम्हाला तिथल्या एका म्हाताऱ्या मावशींनी शिकवलं. आम्ही पहाटे जाळी घेऊन पाण्याकडं निघालो, तर त्या म्हणाल्या, "आधी टेपाडावर चला." वरून सगळं पाणी दिसलं. डोंगराची सोंड पाण्यात कशी उतरते ते दिसलं. जमीन काठावर संपत नाही, जशी बाहेर आहे तशीच आत गेलेली असते. बाहेर कडा सरळ असेल तर आतही काठापासून दोन पावलांवर खोल. बाहेर शेताच्या पायऱ्या असतील तर आतही बांध आहेत, आणि बांधाच्या आडोशाला मासा थांबतो. दोन सोंडांच्या मधून ओढा येतो, तो ओढा पाण्याखालीही तसाच गेलेला असतो, जुन्या नदीपर्यंत. तीच माशाची वाट. दिवसा खोलात, संध्याकाळी त्याच वाटेनं काठाकडं.

आणि हे बघायचं तर मे महिन्यात. पाणी भरलेलं असतं तेव्हा सगळं पाणी सारखंच दिसतं. आपलं भाटघर घ्या. १९२८ सालचं धरण, आता त्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. त्याच्या पाण्यात कांबऱ्याचं कांब्रेश्वराचं देऊळ वर्षातले बरेच महिने बुडालेलं असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात. जाळंवालीनं दर्शन घ्यावं आणि वळून भोवतीची जमीन बघून ठेवावी. भिंत कुठं आहे, वठलेलं झाड कुठं आहे, विहीर कुठं आहे. दिवाळीला तिथं वीस-पंचवीस हात पाणी असेल, तेव्हा ही आठवण कामाला येते. झाडाच्या बुंध्याशी मासा जमतो, पण जाळंही तिथंच अडकून फाटतं. म्हणून झाडाच्या अलीकडं लावायचं, झाडावर नाही. आमच्यातल्या एकीनं वहीत असा नकाशा काढला आहे. बी.ए.ला भूगोल होता, पण नदीचं पात्र असं वहीत उतरवावं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पाण्याजवळ गेल्यावर घाई करायची नाही. अर्धा तास नुसतं बसायचं. पक्षी बघायचे. पाणकावळे एका ओळीत बुड्या मारत पुढं सरकत असतील तर तिथं बारीक माशांचा थवा चालला आहे, आणि बारकी मासळी असेल तिथं तिला खाणारी मोठीही असते. खंड्या एकाच फांदीवरून पुन्हा पुन्हा सूर मारत असेल तर ती कड बारक्या मासळीची. बगळा हलेना म्हणजे उथळ पाणी. वारा कुठल्या काठाकडं वाहतो ते बघायचं, कारण वाऱ्यानं पाण्यावरचं सूक्ष्म खाद्य त्या काठाला लोटलेलं असतं. आमच्या तिघी सावलीच्या, शांत काठाला जायला बघत होत्या. मावशी म्हणाल्या, लाटा आपटतात तिकडं चला. पहिल्या दिवशी आम्हाला सगळे मिळून जेमतेम दोन किलो लागले होते, तिसऱ्या दिवशी वाऱ्याच्या काठाला उभं जाळं लावलं तर अकरा किलो.

पाण्याचा रंगही बघायचा. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवा आणि बोटं दिसतात का बघा. अगदी नखं स्पष्ट दिसली तर पाणी उपाशी आहे, त्यात माशाला खायला कमी. हिरवट झाक असून तळहात अंधूक झाला तर चांगलं. शेततळ्यात मासे सोडणाऱ्या बायांना ही खूण ठाऊक असेल. पण गडद हिरवं, तवंग आलेलं, वास मारणारं पाणी असेल तर तिथं थांबू नका. मात्र पावसाळ्यात गढूळ लाल पाणी आलं की ही परीक्षा चालत नाही, तो रंग मातीचा असतो.

वेळेचं आता. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून मे महिन्यात दुपारी मासा उथळ काठाला नसतो, तो खाली गारव्याला जातो किंवा जिथं ओढ्याचं वाहतं पाणी येऊन मिळतं तिथं. अशा दिवसांत तांबडं फुटायच्या सुमाराला आणि दिवस मावळताना काठ धरायचा. मरळ याला अपवाद. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळं चिखलाच्या डबक्यातही तगते. बसून राहिलं की तिचा 'डुब्' असा आवाज येतो आणि पाण्यावर गोल उठतो. आणि पाण्यावर ओणवलेलं उंबराचं झाड दिसलं, खाली पिकलेली फळं पडत असतील, तर तिथं गळ टाकल्याशिवाय पुढं जाऊ नका.

उंबरावरून खुडशी आठवली. शहरातली माणसं तिला महाशीर म्हणतात. मोठ्या खवल्यांची, सोनेरी, वाहत्या स्वच्छ पाण्यात राहणारी. आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाची नोंद सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली केली, आणि त्याच्या शास्त्रीय नावातला 'खुद्री' हा शब्द तेव्हापासूनचा. आता ती पुण्याजवळच्या नद्यांत दिसणं मुश्कील. पण वरंधा घाट उतरून महाड तालुक्यात वाळणकोंडीला गेलात तर काळ नदीच्या डोहात देवीचे मासे म्हणून शेकडो दिसतील. कुणी धरत नाही, लोक त्यांना चुरमुरे घालतात. लोणावळ्याला टाटा कंपनीनं कित्येक वर्षं हिची पिल्लं तयार करून धरणांत सोडली. आमच्या जाळ्यात वीतभर खुडशी आली तर आम्ही सोडून देतो. भोईणकाकू पहिल्यांदा कुरकुरल्या, पण आता त्याच सोडतात.

यावरून गटात एक वाद आहे, तोही सांगतो. पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की मासा उलटा चढतो. चढणीचे मासे आपल्याकडं कोण खात नाही! त्या रात्री पोरंटोरं बॅटऱ्या घेऊन ओढ्याला असतात. पण हा मासा अंडी घालायला चढत असतो. कटला, रोहू, मृगळ तर धरणाच्या साचलेल्या पाण्यात अंडी देतच नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं, म्हणून संस्था दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडतात. गावठी मासळीला मात्र कुणी बोटुकली आणत नाही. ती ओढ्याच्याच भरवशावर. आमच्यातल्या काही जणी म्हणतात, त्या दिवसांत ओढ्याला हातच लावू नये. कातकरी वस्तीवरच्या बहिणी म्हणतात, आषाढात कामधंदा नसतो, घरात दाणा नसतो, तेव्हा ओढाच पोट भरतो, तुम्ही भरल्या घरच्यांनी हे सांगू नये. दोन्ही खरं आहे. सध्या एवढं ठरलं आहे, की कालवणापुरतं हातानं धरायचं, पण ओढ्याच्या तोंडाला काठापासून काठापर्यंत आडवं जाळं लावायचं नाही. आणि जाळ्याचं घर बोटुकली निसटून जाईल एवढं मोठं घ्यायचं. मच्छरदाणीचं कापड तर अजिबात नको. सुरुंग आणि विष यांबद्दल बोलायलाच नको. १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे, आणि ते पाणी आपलीच गुरं पितात.

भंडारा-गोंदियाकडं ढिवर समाजाच्या बायांनी याच्याही पुढं पाऊल टाकलं आहे. तिकडं जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. तिथं गावठी मासे कमी झाले, कारण तळ्यातल्या पाणवनस्पती गेल्या होत्या. अर्जुनी मोरगावकडच्या बायांनी पुरुषांबरोबर तळ्यात उतरून त्या वनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासा परत आला. म्हणजे मासा कुठं आहे हे शोधताना आधी गवत कुठं आहे हे शोधावं, हे तिकडं त्यांनाही उमगलं.

आता जिवाचं. आपल्याला साडी नेसून पाण्यात उतरायची सवय, पण खोल पाण्यात साडी पायाला गुंडाळते. सलवार किंवा नवऱ्याची जुनी पॅंट घाला, हसणाऱ्यांना हसू द्या. एकटीनं कधी उतरायचं नाही. पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट बूच लावून दोरीनं कमरेला बांधा, तो तरंगायला आधार देतो. धरणाच्या काठाला वरून सुकलेला गाळ भेगाळलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत रुततो. काठी टेकवून बघितल्याशिवाय पाय ठेवू नका. रुतलात तर उभं राहून धडपडू नका, आडवं व्हा आणि सरपटत मागं या. धरणाच्या खालच्या पात्रात उतरणार असाल तर पाणी कधी सोडणार ते आधी विचारा. भोंगा वाजला की जाळं तिथंच टाकून वर यायचं. जाळ्याचे पैसे फिटतील. पावसाळ्यात भरल्या धरणावर थर्माकोलचा तराफा घेऊन जाणं तर आमच्या गटात बंदच आहे. त्यावर चर्चाही होत नाही.

योजनांचं थोडक्यात. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आहे. तिच्यात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान, इतरांना ४० टक्के. त्यातच मच्छीमारांचा अपघात विमा आहे, मृत्यू झाल्यास घरच्यांना ५ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी तुमचं नाव मच्छीमार म्हणून नोंदलेलं पाहिजे. नवऱ्याचं आहे म्हणून बसू नका. पाण्यात तुम्ही उतरता, तर नाव तुमचं लागलं पाहिजे. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो घेऊन तालुक्याला चला, आमच्यापैकी कुणीतरी सोबत येईल.

तिघींचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. डिंभ्याहून आल्यावर त्या गुंजवणीच्या बाजूला गेल्या. तिथल्या एका कुटुंबाबरोबर बोलणं झालं. जागा आणि परवाना त्यांचा, जाळी आणि मेहनत आपल्या बायांची, वाटा निम्मा निम्मा. जायला पहाटेचा टेम्पो लागतो आणि त्याचं भाडं अंगावर येतं, त्यामुळं रोज परवडत नाही, आठवड्यातून दोनदा जातात. मधल्या काळातले दोन हप्ते उशिरा आले, गटानं दंड लावला नाही. आता चार हप्ते राहिले आहेत.

ज्यांना जाळं विणायला शिकायचं आहे त्यांनी येत्या मंगळवारी दुपारी गटाच्या मीटिंगला यावं. भोईणकाकू शिकवणार आहेत. सुई त्यांच्याकडं आहे, दोरा मात्र आपापला आणायचा, आणि तो नायलॉनचा आणा, सुती आणू नका.